पटावरचं नाव, बाकावरचं मूल

लालबागच्या भारतमाता सिनेमापासून कुठल्याही दिशेला निघालं, तरी पाच-सहा किलोमीटरच्या आत अपंग मुलांसाठी झटणारी एखादी जुनी संस्था लागतेच. शिवडीच्या टेकडीवर ‘जय वकील’ ही संस्था आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी वकील दांपत्याने 1944 साली स्वतःच्या घरात सुरू केलेल्या शाळेतून ती वाढत गेली. दादर पूर्वेला कमला मेहता अंधशाळा आहे. तिची सुरुवात 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी केली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा 1902 सालची. माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांनी 1885 साली काढलेली कर्णबधिरांची शाळा देशातली पहिली मानली जाते. परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालय, हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था. मुलांच्या अपंगत्वाविषयीचा इतका अनुभव देशातल्या फार थोड्या वस्त्यांच्या आसपास साठलेला असेल.

आणि तरीही या भागातल्या महापालिकेच्या साध्या शाळेत, चौथीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर बसलेल्या कर्णबधिर मुलापर्यंत त्यातलं काय पोचतं, हा प्रश्न विचारला की उत्तर एकाच माणसापाशी येऊन थांबतं. तो माणूस म्हणजे विशेष शिक्षक. तो आठवड्यातून किती वेळा येतो, कुठल्या वारी येतो, आला तर किती वेळ थांबतो, त्याच्या वाट्याला किती शाळा आहेत, यावर त्या मुलाचं वर्ष ठरतं. रॅम्प, भत्ते, कार्ड, सवलती हे सगळं हवंच. पण ते वापरात आणून देणारा माणूस नसेल तर मुलाचं नाव पटावर राहतं आणि मूल बाकावर नुसतं बसून राहतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर तक्रारीला फारशी जागा नाही. 1974 साली केंद्राने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची पहिली योजना आणली. 1995 च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती संख्या 21 वर नेली. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसिमिया, अ‍ॅसिड हल्ल्यातून आलेलं अपंगत्व असं बरंच काही त्यात आलं. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं 31 वं कलम 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाच्या बाजूची ठेवतं. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीमुळे तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचाही पर्याय मिळाला.

निवड कागदावर आहे. लालबागमध्ये मात्र ती बऱ्याचदा प्रवासावर ठरते. मुंबई शहरात ऑटोरिक्षा नाही. ती माहीम आणि सायनच्या पलीकडेच थांबते. म्हणजे चालता न येणाऱ्या मुलाला शाळेत न्यायचं तर टॅक्सी, बेस्ट किंवा आईची कंबर. करी रोड आणि चिंचपोकळी या जवळच्या स्टेशनांवर जलद लोकल थांबत नाही. लोकलला अपंगांचा वेगळा डबा आहे आणि बेस्टमध्ये दिव्यांगांना मोफत प्रवास आहे, पण डब्यापर्यंत आणि बसथांब्यापर्यंत जायचे जिने, उखडलेले पेव्हर ब्लॉक, फुटपाथवरचे ठेले यांना कुठलीच सवलत लागू होत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल उचलून नेता येतं. तेरा-चौदाव्या वर्षी त्याचं वजन आईला पेलेनासं होतं, आणि कितीतरी मुलांची शाळा नेमकी तिथे सुटते. शाळेच्या यादीत अशा मुलाच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा येतो.

जवळच्या शाळेचं महत्त्व यासाठी आहे. एफ दक्षिण विभागात, म्हणजे परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडीच्या पट्ट्यात, महापालिकेच्या शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुंबई महापालिका आजही आठ भाषांमधून शाळा चालवते. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं आणि सकाळ-दुपार अशी दोन सत्रं, हे गिरणगावच्या शाळांचं जुनं चित्र आहे. विशेष शिक्षक सकाळच्या सत्रात आला तर दुपारच्या मुलांना भेटेलच असं नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना सांगतो ते हिंदी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगता येईलच असंही नाही. कर्णबधिर मुलासाठी तर हा मुद्दा फारच नाजूक. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, पुस्तकात तिसरी, आणि कानावर पडतं ते सगळंच अर्धवट.

त्या अर्धवटपणाकडे जरा जवळून पाहायला हवं. कानामागे लावायचं श्रवणयंत्र आणि कानात बसणारा त्याचा साचा मुलाला मिळतो. कधी शिबिरातून, कधी रुग्णालयातून. फोटो निघतो आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वाढत्या वयात कान मोठा होतो, साचा सैल पडतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. वर्गातली मुलं वळून बघतात. मूल लाजून यंत्र बंद करतं किंवा दप्तरात टाकतं. पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बिघडतं. बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. ती संपली की मूल शांत बसतं आणि चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना वाटतं, आज गुणी बाळासारखं बसलंय. यंत्र चालू असलं तरी ते बाईंचा आवाज तेवढा वाढवत नाही. पंख्याची घरघर, बाकांची ओढाताण, खिडकीबाहेरचे हॉर्न, सगळंच वाढवतं. अशा मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब, बाईंचं तोंड दिसेल असं बसवायचं असतं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नसतं. गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहायचा असतो. या तीन गोष्टींना एक रुपयाही खर्च नाही. पण त्या वर्गशिक्षिकेला कुणीतरी सांगाव्या लागतात, आणि महिन्याभराने पुन्हा येऊन बघावं लागतं. विशेष शिक्षक करतो ते काम हे.

अंध मुलाचंही तसंच. ब्रेल पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचं असतं, कारण कागद उलटला की ठिपके वर येतात आणि बोट डावीकडून उजवीकडे वाचतं. सहा ठिपक्यांचा हा खेळ मूल भराभर शिकतं. पण ते लिहिलेलं वाचणारं शाळेत कुणीच नसेल तर वही तपासणार कोण? दादरच्या किंवा ताडदेवच्या शाळेत ब्रेल वाचणाऱ्या बाई प्रत्येक वर्गात भेटतील. साध्या शाळेत ते काम फिरत्या शिक्षकाची वाट पाहत पडून राहतं.

मग असे शिक्षक किती हवेत? सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे विरुद्ध केंद्र सरकार या प्रकरणात 28 ऑक्टोबर 2021 रोजी निकाल दिला. प्राथमिक स्तरावर दर 10 विशेष मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर दर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण त्यात आलं. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा सगळ्या राज्यांना बजावावं लागलं, की पदं मंजूर करा आणि जाहीर करा. महाराष्ट्रात विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर होते. दरवर्षी नव्याने नेमणूक, तुटपुंजं मानधन, आझाद मैदानावरची आंदोलनं, असंच त्यांचं आयुष्य गेलं. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या गटाच्या पातळीवर, 4,860 विशेष शिक्षक पदं निर्माण करण्याचा आणि कंत्राटी शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला. तो खूप उशिरा आला, पण चांगला निर्णय आहे. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याच्याकडून मुलाच्या आठ वर्षांची आखणी कशी करून घेणार?

तरी हिशेब बघावा. एका केंद्रात बहुधा दहा-बारा शाळा असतात, आणि त्या सगळ्यांना मिळून एक विशेष शिक्षक. रोज एक शाळा धरली तर तो एका शाळेत दोन आठवड्यांनी परततो. त्यातून शिबिरं, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, भत्त्यांचे कागद, बैठका वजा केल्या की मुलासमोर बसायला किती वेळ उरतो याचा अंदाज कुणालाही येईल. शिवाय हा शिक्षक स्वतः एका कुठल्यातरी अपंगत्वाचं प्रशिक्षण घेतलेला असतो, बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष किंवा दृष्टिदोष. त्याच्याकडे येतात मात्र 21 प्रकारची मुलं.

पैशाचंही असंच आहे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,500 रुपये धरलेले आहेत. दिवसाला दहा रुपयांपेक्षा कमी. त्यात सहायक साधनं, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं, प्रवास आणि मदतनीस भत्ता, थेरपी असं सगळं बसवायचं आहे. विशेष गरजा असलेल्या मुलींना त्याखेरीज महिन्याला 200 रुपये, वर्षातले दहा महिने. लालबागहून परळच्या रुग्णालयात मुलीला टॅक्सीने काही वेळा नेऊन आणलं की ते संपतात.

युनेस्कोने 2019 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने भारतातल्या अपंग मुलांच्या शिक्षणावर अहवाल काढला. 2011 च्या जनगणनेच्या आधारे त्यात देशात 19 वर्षांपर्यंतची 78 लाख 64 हजार अपंग मुलं मोजली आहेत, आणि 5 ते 19 वयोगटातली सुमारे एक चतुर्थांश मुलं कुठल्याच शाळेत जात नाहीत असं म्हटलं आहे. पाच वर्षांच्या मुलांत तर हे प्रमाण तीन चतुर्थांश आहे. म्हणजे सुरुवातच उशिरा होते. जे वय भाषेचं, हालचालीचं, बोट धरून शिकण्याचं, ते घरात निघून जातं.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट वेगळी. ती दिसत नाही. मूल बोलतं चांगलं, चाळीतल्या क्रिकेटचा स्कोअर तोंडपाठ असतो, पण ‘ब’ आणि ‘व’ उलटसुलट होतात, जोडाक्षर आलं की गाडी अडते. पूर्वी अशा मुलाला ‘ढ’ म्हणायचे आणि सातवी-आठवीत ते कामाला लागायचं. 2007 साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. पण मुंबईत हे काम त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात महापालिकेच्या डॉक्टरांनी अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक उभं केलं, त्यावर शोधनिबंध लिहिले. 1996 साली पालकांच्या पुढाकाराने महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. त्या काळापासून राज्यात या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या.

आज प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही, आणि प्रमाणपत्राचा रस्ता लांब आहे. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक चाचणी, मग शैक्षणिक चाचणी. प्रत्येकीची तारीख वेगळी. वय आठ पूर्ण झाल्याशिवाय हे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि 14 व्या व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. दर वेळी आईची एक सुट्टी जाते. घरकामाला जाणाऱ्या किंवा लालबागच्या मसाल्याच्या दुकानात रोजावर उभ्या राहणाऱ्या बाईसाठी सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. खासगी शाळेतल्या पालकांना हा रस्ता ठाऊक असतो, पदरमोड करून ते तो पार करतात. महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला तो कुणी दाखवतच नाही. म्हणून या सवलती ज्यांच्या उपयोगाच्या सगळ्यात जास्त, त्यांच्यापर्यंत त्या सगळ्यात कमी पोचतात. एनसीईआरटीने 2022 साली शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ नावाचं प्राथमिक तपासणीचं अ‍ॅप आणलं, त्याचा इथे उपयोग होऊ शकतो. पण अ‍ॅपने मुलाकडे बोट दाखवल्यावर त्याला हाताला धरून सायनला किंवा परळला नेणारं माणूस लागतंच.

या सगळ्यात सरकारी खात्यांची वाटणीही मुलांच्या मुळावर येते. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या; डिसेंबर 2022 मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आणि त्या तिकडे गेल्या. साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, मुंबईत महापालिकेकडे. रुग्णालयं आरोग्य खात्याची. मूल मात्र एकच. ‘जय वकील’ने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्यभरच्या विशेष शाळांत वापरला जातो. त्यातली तंत्रं, चित्रं, मूल्यमापनाच्या पायऱ्या शेजारच्या साध्या शाळेतल्या अशाच मुलासाठीही तेवढ्याच कामाच्या आहेत. शिवडीच्या टेकडीवरून लालबागच्या वर्गापर्यंत ते यायला हवं, आणि त्यासाठी दोन खात्यांनी एका टेबलाशी बसायला हवं.

हे होऊ शकतं, याचा दाखला मुंबईतच आहे. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. तिच्यासाठी योग्य शाळा मुंबईत नव्हती, म्हणून अलूर यांनी 2 ऑक्टोबर 1972 रोजी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. विशेष शाळा उत्तम चालली. पण पुढे याच बाईंनी आपली दिशा बदलली. मूल वेगळ्या शाळेत कितीही चांगलं शिकलं तरी ते शेजारच्या मुलांपासून तुटतं, हे ओळखून त्यांनी 1999 मध्ये समावेशनासाठी राष्ट्रीय केंद्र काढलं, धारावीच्या बालवाड्यांत अपंग मुलांना इतर मुलांबरोबर बसवलं, आणि संस्थेचं नावही ‘अडॅप्ट’ केलं. मालिनी छिब एका बोटाने टंकलेखन करत सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, पुढे लंडनला शिकल्या, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. आईपाशी इंग्रजी होतं, ओळखी होत्या, पैसा होता, हे खरंच आहे. म्हणूनच तर सार्वजनिक शाळेतल्या मदतीची गरज. ज्या आईपाशी यातलं काही नाही तिच्या मुलाला तेवढीच संधी मिळायची तर ती तिथेच मिळू शकते.

लालबागला या बाबतीत एक जुनी पुण्याई आहे. 1991 चा ‘चौकट राजा’ हा चित्रपट पाहिलेल्यांना त्यातला बौद्धिक अक्षमता असलेला नंदू आठवत असेल. असा नंदू चाळीत वाढला तर त्याला सांभाळायला अख्खी गॅलरी असे. दार उघडं, शेजारच्या काकूंचं लक्ष, पोरं खेळताना त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेत. चिडवतही असत, ते विसरून चालणार नाही. आता चाळी पडतायत, टॉवर उठतायत. लिफ्ट आली हे चालता न येणाऱ्या मुलासाठी मोठंच सुख. पण इमारत पडून पुन्हा उभी राहीपर्यंत कुटुंब भाड्याने विक्रोळीला, डोंबिवलीला जातं. मुलाची शाळा बदलते, थेरपी तुटते, विशेष शिक्षकाने वर्षानुवर्षं भरलेली फाइल जुन्या शाळेच्या कपाटात राहते. पुनर्विकासाच्या करारात पार्किंगचा उल्लेख असतो. घरातल्या अपंग मुलाची शाळा कशी सांभाळणार, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

गणेशोत्सवाचे दहा दिवस लालबागच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ढोल-ताशा आणि भोंगे स्वमग्न मुलासाठी अक्षरशः दुखणं असतं. कानावर हात ठेवून ते कोपऱ्यात बसतं. त्या दिवसांत कुठल्या गल्लीत असं मूल आहे याची नोंद गणेश मंडळांकडे असली आणि तिथे भोंग्याचं तोंड फिरवलं, तर उत्सवाचं काहीच कमी होणार नाही.

मंडळांचा विषय निघालाच आहे तर सर्वांत साधं आणि सर्वांत तातडीचं काम सांगायला हवं: लेखनिक. ज्या मुलाला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी परीक्षेत दुसऱ्याने लिहायचं असतं. राज्य परीक्षा मंडळाच्या नियमाप्रमाणे दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला, म्हणजे नववीपर्यंतचा लागतो. जादा वेळ तासाला 20 मिनिटं मिळतो. गणिताऐवजी सातवीचं अंकगणित, तिसऱ्या भाषेतून सूट, 20 सवलतीचे गुण, अशा तरतुदी अपंगत्वाच्या प्रकारानुसार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार प्रकरणात सांगितलं, की लिहिण्यात अडचण असेल तर लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट घालू नये. एवढं सगळं असूनही परीक्षेच्या तोंडावर पालक लेखनिकासाठी दारोदार फिरतात, कारण नववीतल्या मुलाला दहा-बारा दिवस मोकळं करायला घरचे तयार नसतात. चांगला लेखनिक नुसता शुद्ध लिहिणारा नसतो. मूल अडखळत बोलतं ते त्याला समजावं लागतं, आणि त्यासाठी आधी महिना-दोन महिने बरोबर बसावं लागतं.

कामगारनेते ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि परळच्या कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. गिरणीच्या पाळीतून सुटलेला माणूस ज्या वस्तीत रात्री पुस्तक घेऊन बसे, त्या वस्तीला लेखनिकांची एक यादी करणं अवघड नाही. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि सवलतीचा अर्ज शाळेमार्फत त्याआधीच परीक्षा मंडळाकडे जातो. दिवाळीची सुट्टी संपली की लालबाग-परळच्या गणेश मंडळांनी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं, दहावीत अशी किती मुलं आहेत ते विचारावं, आणि नववीतल्या मुलांची नावं त्यांच्या हाती द्यावीत. पालकांनीही एक करावं: आपल्या शाळेचे विशेष शिक्षक कोण आणि ते कुठल्या वारी येतात, हे मुख्याध्यापकांना विचारावं, आणि शाळेच्या फलकावर लिहायला लावावं.